लांब बांग

त्या सकाळी सिस्टरला छान झोप लागली. रात्रपाळी करून आली, चहासुद्धा न घेता आडवी झाली आणि जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं होतं. या घरात राहायला आल्यापासून इतकी सलग झोप तिला कधी मिळाली नव्हती. केस बांधत ती बाहेर आली आणि शेजारच्या उंबऱ्यावर बसलेल्या चेनमावशीला म्हणाली, "वहिनी, आज अगदी मेल्यासारखी झोपले हो. काय जादू केलीत?"

चेनमावशीनं मान वर केली नाही. तिच्या मांडीवर जुनी रजई होती, आणि रजईवर कोंबडा होता.

सिस्टर जागच्या जागी थांबली. मग वाकून तिनं कोंबड्याच्या मानेखाली दोन बोटं ठेवली, हॉस्पिटलात ठेवत असेल तशीच. लगेच काढूनही घेतली.

"कधी?"

"माहीत नाही. पेटी उघडली तेव्हा संपला होता."

"काल तर चांगला होता!"

"काल तुम्ही बोलून गेलात ना. म्हणून पहाटे मी पेटीवर रजई टाकली. जरा जाड असलेली बरी म्हटलं."

टोमणा मारायचा म्हणून ती बोलली नव्हती. जे झालं ते सांगत होती, एवढंच. पण सिस्टरच्या चेहऱ्यावरून झोपेचा सगळा तजेला उतरला. ती घरात जाऊन दार लोटून बसली.

पेटी बुटकी होती, आणि ती मुद्दामच तशी केलेली होती. कोंबड्याला आरवायचं तर मान वर ताणावी लागते. छत डोक्याला टेकत असेल तर मान ताणता येत नाही, आणि बांग घशातच राहते. सिस्टर शेजारी राहायला आल्यावर चेनमावशीच्या नवऱ्यानं फळ्या ठोकून ही पेटी बनवली. संध्याकाळी कोंबडा पेटीत जायचा, तो दुसऱ्या दिवशी सिस्टर उठेपर्यंत. मग दुपारभर अंगणात त्याचं राज्य. दोन घरांत हा तह झालेला होता. त्यातच ठरलं होतं की कोंबडा एकच ठेवायचा. तरी पेटीतूनही तो दबक्या, गुदमरल्या आवाजात काहीतरी म्हणतच असे. आणि आदल्या दिवशी सिस्टर दारात उभी राहून, आवाज न चढवता म्हणाली होती, "वहिनी, परवा माझ्या हातात चुकीच्या औषधाची बाटली आली. सुईत भरलंसुद्धा होतं. वेळेवर लक्षात आलं म्हणून. मला झोप पाहिजे हो. भांडायला नाही आले मी, सांगायला आलेय."

भांडण असतं तर चेनमावशी भांडली असती. यावर काय बोलणार? तिनं रजई बाहेर काढली आणि पहाटे पेटीवर टाकली. पेटीच्या कडेला हवेची भोकं होती, ती तिनं मोकळी ठेवली होती. पण रजई जुनी, मऊ, घरंगळणारी. कोंबड्यानं आत पंख मारले असतील, किंवा नुसत्या वजनानंच ती सरकली असेल. भोकं झाकली गेली. त्या सकाळी वाऱ्याची झुळूकही नव्हती, आणि चेनमावशी आत निवांत भाजी निवडत होती. आज एकदम गप्प आहे शहाणा, असं मनात म्हणत.

चेनमावशी हे काही तिचं नाव नव्हे. बाजाराच्या रस्त्यावर, एका जिन्याखाली तिची मशीन मांडायची जागा होती. बॅगांच्या, जॅकेटांच्या, पर्सच्या चेन ती दुरुस्त करायची. दात निसटलेले, रनर हरवलेले, कापड अडकून बसलेले. लोक वैतागून बॅग पुढ्यात आपटायचे, आणि ती पक्कड, मेणाचा तुकडा आणि सुई घेऊन शांतपणे कामाला लागायची. "चेन ओढायची नसते," ती प्रत्येकाला सांगायची, "तिला वाट द्यायची असते." एवढ्यावर अर्धा संसार चालला होता. उरलेला अर्धा नवऱ्याच्या पगारावर. तो पाण्याच्या टाकीवर पंप चालवायचा.

कोंबड्या आल्या त्या सासऱ्यांकडून. लांबबांगे म्हणत त्यांना. उंच पाय, सापासारखी मान, राखेत तांब्याचा चुरा मिसळावा तसा रंग. पण रंगासाठी त्यांना कोणी पाळत नसे. इतर कोंबडे चार तुकड्यांत आरवतात आणि मोकळे होतात. लांबबांग्याचा शेवटचा तुकडा तुटायचाच नाही. विहिरीत बादली सोडावी तसा तो सूर खाली खाली जात राहायचा. ऐकणाऱ्याला वाटे, आता दोर संपला, आणि तरी बादली पाण्याला लागलेली नसे. सून म्हणून आली त्या पहिल्या सकाळी चेनमावशी अंथरुणातून ताडकन उठून बसली होती. "अहो, उठा, घरात कोणाला तरी झटका आलाय!" नवरा कूस बदलून म्हणाला होता, "झटका नाही, अलार्म आहे. वडिलोपार्जित." पुढं त्याच बांगेवर तिचा दिवस सुरू व्हायला लागला. सासरे थकले तेव्हा मुलाकडे नाही, सुनेकडे बघून म्हणाले, "एवढा आवाज तेवढा संपू देऊ नकोस."

सांगणं सोपं होतं. पूर्वी आसपासच्या वस्त्यांत पाच-सहा घरी लांबबांगे असायचे. घरं एकमेकांना चिकटत गेली, तसे आवाज नकोसे झाले. कोणी सोडून दिले, कोणी जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्यांशी जोड लावून टाकली, आणि बांग आखूड होत होत साधी होऊन गेली. जादा कोंबडे चेनमावशी ओळखीपाळखीच्या लोकांना सांभाळायला देई. पाहुणा आला की ते पातेल्यात जात. तिनं खूप शोधलं होतं. खऱ्या बांगेचा दुसरा कोंबडा तिला कुठंच सापडला नव्हता. आणि जो होता, तो आता रजईवर होता.

कोंबडा पुरून ती दुकानावर गेली. घरात बसवेना. शेजारचा झेरॉक्सवाला कागदांचा गठ्ठा जुळवत होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. "काय मावशी, आज एवढा उशीर? कोंबड्याला झाकून ठेवलं होतं वाटतं!" आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन त्यानं पुढं जोडलं, "पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?"

चेनमावशीच्या हातातला दोरा सुईच्या नाकाशी थांबला. "गेला तो," ती म्हणाली. "झाकल्यामुळंच."

झेरॉक्सवाल्यानं गठ्ठा खाली ठेवला.  मग तो कुठूनतरी चहाचे दोन पेले घेऊन आला, एक तिच्यापुढं सरकवला आणि उगाच बोलायचं म्हणून बोलला, "कोंबड्या तर आहेत ना अजून?"

"कोंबड्यांना घेऊन काय करू? नुसत्या..."

आणि तिथंच ती थांबली. सासऱ्यांचं एक वाक्य तिला आठवलं. कोंबडा गेला तरी कोंबडी त्याला लगेच विसरत नाही. आठवडाभर तरी तो तिच्या अंड्यात असतो.

चहा तसाच राहिला. ती उठली ती चपला नीट घालायलाही थांबली नाही. आज तिन्ही कोंबड्यांनी अंडी घातली असणार, आणि नवरा दुपारपाळीला जाण्याआधी खाऊन जातो. गल्लीत शिरतानाच तिला स्टोव्हचा आवाज ऐकू आला. स्वयंपाकघराच्या दारातून तिला दिसली ती तव्यावर उचललेली नवऱ्याची मूठ, आणि मुठीत अंडं.

"अहो, थांबा!"

नवऱ्यानं दचकून हात मागं घेतला. अंडं बोटांतून निसटलं, छातीवर आपटलं आणि त्यानं ते कसंबसं कोपरानं पोटाशी दाबून धरलं.  मग चेनमावशीनं पुढं होऊन त्याच्या कोपरातून अंडं अलगद काढलं आणि उजेडाकडे धरून फिरवून पाहिलं. तडा नव्हता.

"बाकीची?"

"ती तर..." नवऱ्यानं ताटलीकडे पाहिलं. ताटलीत पिवळा ओघळ होता. "अगं, मला काय ठाऊक? रोजच खातो की."

 ताटली उचलून तिनं धुवायला टाकली.

त्या दिवसापासून घरातलं अंडं ही खाण्याची वस्तू राहिली नाही. दोऱ्याच्या रिळांचा जुना कप्प्यांचा ट्रे तिनं रिकामा केला आणि एकेका कप्प्यात टोक खाली करून एकेक अंडं ठेवलं. सकाळ-संध्याकाळ ट्रे एकदा या कडेवर कलवायचा, एकदा त्या. पंपावरून आला की नवरा आधी विचारी, "किती?" आणि ती सांगे. आठवडा सरत आला तेव्हा सात अंडी होती. यानंतरच्या अंड्यांचा तिला भरवसा नव्हता. पण या सातांनाही फार वाट पाहता येणार नव्हती. अंडं शिळं होतं. आत जे काही आहे ते ऊब मिळेपर्यंत दम धरतं, पण दम कायमचा नसतो.

आणि बसणार कोण? लांबबांग्या कोंबड्या अंडं घालतात, अंगणभर बोंब मारतात आणि मोकळ्या होतात. खुडूक होऊन अंड्यांवर बसणं त्यांच्या रक्तातच नाही. सासऱ्यांच्या वेळेपासून अंडी ठेवायची ती साध्या कोंबडीखाली. पण साधी कोंबडीही तुमच्या सोयीनं खुडूक होत नाही. ती तिची लहर. चेनमावशी दुकान अर्ध्यावर टाकून दारोदार विचारत फिरली. कोणाच्या कोंबड्या नुकत्याच बसून उठल्या होत्या, कोणाच्या अजून अंडी घालत होत्या. एकीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं, "मावशी, अंड्यांची मशीन मिळते की आता. विजेवर चालते." चेनमावशीच्या गल्लीत वीज मन मानेल तशी यायची. "तिच्यापेक्षा कोंबडी बरी," ती म्हणाली, "निदान जाताना ओरडून तरी जाते."

शेवटी गावाच्या टोकाला लाकडाच्या वखारीत तिला हवी ती सापडली. भुशाच्या ढिगात एक काळी, गोल, रागीट कोंबडी बसली होती. हात पुढं केला की फुगून दुप्पट व्हायची. वखारवाल्या काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मागं करवत चालू होती, त्यामुळं त्यांना सतत ओरडून बोलायची सवय.

"ने की! पण परत आण हां! नाहीतर म्हणशील मेली, आणि तुझ्या घरात रस्सा!"

"आणीन काकू."

"कशाची अंडी म्हणालीस?"

"लांबबांग्यांची."

काकूंनी कपाळाला आठ्या घातल्या. "ते भोंगे? माझ्या माहेरी होता एक. बापाला लोक म्हणायचे, तुमचा कोंबडा आरवला की आमची म्हैस दूध चोरते." मग कोंबडीला दोन्ही हातांनी उचलून टोपलीत घालत, जरा कमी ओरडून म्हणाल्या, "वर कापड टाक. अंधारात राहिली तरच मनातलं विसरणार नाही."

कोंबडीनं तिच्या मनातलं विसरू नये म्हणून चेनमावशी गाडीत न बसता सगळा रस्ता चालत गेली. धक्का नको, भोंगा नको. घरी अंधारी जागा एकच होती. कोंबड्याची बुटकी पेटी. ती तिनं घासली, उन्हात ठेवली, पेंढा बदलला. त्या पेटीकडे बघवत नव्हतं, पण अंधार तर तिथलाच चांगला होता. आधी तिनं बनावट अंडी ठेवली, मोजे शिवताना आत घालायचे लाकडी गोळे. काळीनं त्यांना चोचीनं पोटाखाली ओढून घेतलं तेव्हा कुठं खरी सात आत गेली.

आता तीन आठवडे. बांग नसलेल्या सकाळी चेनमावशीला आपोआप जाग येई आणि ती पडल्या पडल्या ऐकत राही. पेटीतून घशातली एक बारीक घरघर आली की बरं वाटे. दिवेलागणीला एकदा तिनं अंडी एकेक करून टॉर्चवर धरली. पाच अंड्यांत तांबड्या शिरांचं जाळं होतं. दोन अंडी नुसतीच पिवळी, रिकाम्या खोलीत दिवा लावल्यासारखी. "पाच," ती नवऱ्याला म्हणाली. नवरा म्हणाला, "पाच म्हणजे क्रिकेटची टीम नाही, पण घर चालेल."

आणि मग एका सकाळी घरघर ऐकू आली नाही.

काळी कोंबडी पेटीबाहेर, अंगणाच्या कोपऱ्यात उभी होती. पंख झाडत होती, पाय आपटत होती. चेनमावशीनं पेटीत हात घातला. अंडी कोमट होती. कोमटसुद्धा नीट नाही. हात बाहेर काढला तर मनगटावर लाल ठिपके चालत होते. तिनं पेटीच्या फळ्यांच्या फटीत नख घातलं. फटी लाल उवांनी गच्च भरल्या होत्या. वरवर घासून, ऊन दाखवून त्या जाणाऱ्या नव्हत्या. ज्या पेटीत कोंबडा रोज संध्याकाळी निमूट जायचा, तिथं त्याला रात्रभर काय चावत होतं ते तिला आता कळलं. पण त्यावर विचार करायला वेळ नव्हता.

"अहो! पेटी जाळा."

"अख्खी?"

"अख्खी. कोंबडीला राख चोळा, पिसांच्या आत, पंखांखाली. दुसरं काहीतरी शोधा. टोपली, खोकं, काहीही, पण लाकूड नको."

"आणि अंडी?"

अंडी तिनं तोवर पदरात घेतली होती. कापडाची एक लांब पट्टी होती, पोटावर बांधायची. कंबर दुखायची तेव्हा ती वापरायची. तिनं अंडी त्या पट्टीत एका ओळीत, एकमेकांना लागणार नाहीत अशी ठेवली आणि उघड्या पोटावर घट्ट नाही, सैल नाही अशी बांधली. कवचं पहिल्यांदा गार लागली. मग हळूहळू तिच्याइतकीच झाली.

घरात राहता आलं असतं. पण आज एक माणूस प्रवासाला निघणार होता आणि त्याची बॅग तिच्या दुकानात, चेन उसवून, आ वासून पडली होती. तिनं शब्द दिला होता. शिवाय नवरा राख चोळणार, काळी बोंब मारणार, त्या गोंधळात उभं राहणं तिला जमलं नसतं. ती पाय न उचलता, घासत चालावं तशी दुकानावर गेली.

झेरॉक्सवाल्यानं तिला बसताना पाहिलं. ती एक हात भिंतीला, एक हात पोटाला लावून सावकाश खाली टेकत होती. त्याचे डोळे मोठे झाले. "मावशी! काय हे? या वयात? काका भलतेच..."

"तोंड आवर," चेनमावशी म्हणाली. "पाच आहेत."

"पाच?"

"अंडी. हसवू नकोस मला. हसले तर फुटतील."

हे ऐकून त्याला इतकं हसू आलं की तो आत जाऊन मशीनच्या मागं उभा राहिला. पण त्यानंतर दिवसभर तिच्याकडे वाकायचं काम त्यानं येऊ दिलं नाही. पडलेला रनर तोच उचले, गिऱ्हाइकाला तोच सांगे, "मावशींच्या पोटात दुखतंय, बॅग वरच ठेवा." प्रवाशाची बॅग तिनं मांडीवर न घेता हात लांब करून शिवली. मशीनच्या पायडलचा प्रत्येक धक्का तिला पोटात ऐकू येत होता. मधेच एकदा, चेनवर मेण फिरवताना, पट्टीखाली काहीतरी टकटकलं असं तिला वाटलं. तिचा हात तसाच राहिला. पुन्हा काही नाही. कदाचित तिचंच काळीज असेल.

घरी परतताना दारात सिस्टर भेटली. कोंबडा गेल्यापासून दोघींत एक शब्दही झाला नव्हता. सिस्टरनं तिची चाल पाहिली, पोटावरचा हात पाहिला आणि जवळ आली. "काय होतंय? कुठं दुखतंय?"

"दुखत नाही. अंडी आहेत."

दुसऱ्या कोणीही हसलं असतं. सिस्टरनं फक्त मान हलवली. "किती वेळ झाला?"

"सकाळपासून."

"थंडी वाजतेय का तुम्हाला? अंग गार पडलं तर तीही गार पडतील." ती आत गेली आणि गरम पाण्याची रबरी पिशवी, टॉवेलमध्ये गुंडाळून, घेऊन आली. "पट्टीच्या बाहेरून. आतून नाही. हाताला नुसतं बरं वाटेल एवढंच गरम." मग थांबून, कोरड्या आवाजात, "हे मी तुमच्यासाठी करतेय. कोंबडा झाला तर मला झोप हवीच आहे. आधीच सांगून ठेवते."

"आत्ता झाला तरी पुरे," चेनमावशी म्हणाली.

नवऱ्यानं पत्र्याचं घमेलं शोधून त्यात भुसा घातला होता. काळी कोंबडी राखेनं पांढरी पडून, अपमान झाल्यासारखी कोपऱ्यात उभी होती. चेनमावशीनं घमेल्यात लाकडी गोळे ठेवले आणि खोलीतला पडदा ओढला. दोघं नवरा-बायको दाराच्या फटीतून बघत बसले. काळीनं मान तिरकी केली. एक पाऊल टाकलं. परत गेली. दाणा टिपला. नवरा कुजबुजला, "हिला बसायचंय की पिकनिकला..." चेनमावशीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. काळी घमेल्याच्या कडेवर चढली, गोळ्यांकडे एक डोळा करून पाहिलं आणि आत उतरली. फुगली. बसली.

चेनमावशीनं तेव्हाच पहिल्यांदा पोटावरची पट्टी सोडली. कातडीवर पाच गोल तांबडे वण उमटले होते.

पिल्लं आली तेव्हा पाचांतली तीन आली. एक अंडं आतून टोचलं गेलं आणि टोचायचं थांबलं. ते फोडून मदत करावी म्हणून तिची बोटं नुसती शिवशिवत होती. पण घाईनं फोडलं तर आतली रक्ताची शीर तुटते हे तिला माहीत होतं. ती हात मांडीखाली दाबून बसली. ते पिल्लू बाहेर आलंच नाही. वाट पाहिली हे बरोबर केलं की चूक, हे तिला कधीच कळलं नाही. पाचवं अंडं गप्पच राहिलं.

तीन राखी गोळे काळीच्या मागं धावू लागले, आणि मग दुसरी वाट पाहणं सुरू झालं. कोंबडा कोणता? आहे तरी का? लहानपणी सगळी सारखीच. एकाचा तुरा जरा लालसर दिसला की ती त्याला कोंबडा म्हणे, चार दिवसांनी दुसऱ्याला. नवरा म्हणे, "अगं, त्यांनाच विचार ना." पिसं फुटली, पाय लांबले. दोघींची शेपूट गोलसर झाली, अंग भरलं. दोन कोंबड्या. तिसऱ्याच्या मानेवर टोकदार, चकाकणारी पिसं आली, तांब्याच्या रंगाची. पण तोंडातून आवाज नाही. नुसता चालायचा, मान वर करून, काहीतरी विसरल्यासारखा. लांबबांग्यांना आवाज उशिरा फुटतो हे तिला माहीत होतं. मुका निघालेला एक कोंबडाही तिनं सासऱ्यांच्या वेळी पाहिला होता.

एका सकाळी ती चेनचे दात पक्कडीनं दाबत होती, तेव्हा सिस्टर दुकानात आली. घरातल्या कपड्यांत, केस विस्कटलेले, पायात दोन वेगळ्या चपला.

"वहिनी. उठवलं त्यानं मला."

चेनमावशीच्या हातातून पक्कड पडली. "आरवला? खरंच? किती लांब?"

"मला काय ठाऊक? मी झोपेत होते!" सिस्टर दमून बाकावर बसली. डोळे लाल होते. "पण आधी वाटलं, वॉर्डातली घंटा वाजतेय. मग वाटलं, ही थांबत का नाही." आणि नको असताना तिला हसू आलं. ते पुसून ती म्हणाली, "आता काय करणार तुम्ही?"

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. चेनमावशीनं पडलेली पक्कड उचलली.

"झाकणार नाही," ती म्हणाली. "पेटीत नाही, रजईत नाही. पुन्हा नाही."

"आणि मी?"

"तुम्ही झोपा. तुमच्या हातात माणसं असतात."

काळी कोंबडी वखारीत कधीच परत गेली होती. आता तिच्या मागून चेनमावशी टोपल्या घेऊन गेली, नवऱ्याबरोबर, हातगाडीवर. एका टोपलीत नवा कोंबडा, बाकीच्यांत सगळ्या कोंबड्या. नुसता कोंबडा नेऊन उपयोग नव्हता. त्याला या कोंबड्या हव्यात, यांना तो हवा, आणि सगळ्यांना अशी जागा हवी जिथं त्यांच्या आवाजाचा कोणाला काच नाही. वाटेत नवरा एकदाच म्हणाला, "दोन तरी ठेवायच्या अंगणात, अगं." ती म्हणाली, "कशाला? अंड्यांसाठी?" त्यानं हातगाडी पुढं ढकलली. तव्याची आठवण त्यालाही होती.

"एवढ्या सगळ्या?" वखारवाल्या काकू ओरडल्या. "मी एक दिली, तू पलटण आणलीस!"

"तुमच्या करवतीपुढं यांचा आवाज काय, काकू."

"ते खरं. आम्ही सगळे बहिरेच." काकूंनी टोपलीचं कापड उचलून आत पाहिलं. "रूप बरं आहे मेल्याचं. पण पाहुणे आले की..."

"काकू."

"गंमत गं! तोंड बघ हिचं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "नाही कापणार. बापाच्या कोंबड्याची शप्पथ. ये बघायला, कधीही ये."

चेनमावशीनं टोपली उघडली. कोंबडा बाहेर आला, भुशात दोन पावलं फसला, मग ओंडक्यांच्या ढिगावर चढत चढत सगळ्यांत वर जाऊन उभा राहिला. आकाश त्याच्या डोक्यावर कुठंच टेकलेलं नव्हतं. त्यानं मान ताणली. करवतवाल्यानं कुतूहलानं मशीन बंद केली, आणि वखारीत एकदम इतकी शांतता झाली की भुसा खाली बसतानाही ऐकू यावा.

आवाज आला तो फाटका. तीन तुकडे, आणि चौथा निम्म्यावर तुटला.

 करवतवाल्यानं बटणाकडे हात नेला. काकू हळूच म्हणाल्या, "यासाठी एवढं?" चेनमावशीनं कोंबड्यावरून नजर काढली नाही. तिच्या हाताचा तळवा आपोआप पोटावर गेला होता. नवरा तिच्या शेजारी एका ओंडक्यावर बसला. त्यानं बसायला तिच्यासाठीही जागा केली, पण ती उभीच राहिली. दुसऱ्यांदा आरव, असं कोंबड्याला कोणी सांगू शकत नाही.

कोंबड्यानं पिसं झाडली. एका पायावरून दुसऱ्यावर गेला. पुन्हा मान ताणली, यावेळी आणखी वर, आणि सुरुवात केली. पहिला तुकडा, दुसरा, तिसरा. चौथा खाली उतरू लागला. ढिगावरून खाली, भुशावरून, गाडीखालून, वखारीच्या कुंपणापाशी, कुंपणाच्या पलीकडं.

"संपली का बांग?" करवतवाल्यानं विचारलं.

"थांब जरा," काकू म्हणाल्या.

ती अजून चालूच होती.